खिडकीतून दिसणारी तेजी

भाईंदर (पूर्व)

चि. ओंकार,


सिमेंट, टाइल्स, पाइपच्या शेअर्समध्ये साठवलेले पैसे घालायचं तुझ्या मनात आहे, असं ताई म्हणाली. मेट्रो ९ चे खांब, जुन्या सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट, जिकडे पाहावं तिकडे क्रेन. मीरा रोडला राहणाऱ्याला तसं वाटणारच. पण मटेरियल सप्लायचा धंदा मी जन्मभर केला, म्हणून स्पष्ट लिहितो.

तुला दिसणाऱ्या टॉवरचं सिमेंट बहुतेक सुटं, बल्करने आरएमसी प्लांटला जातं आणि तिथून तयार काँक्रीट होऊन येतं. त्याला आम्ही नॉन-ट्रेड माल म्हणतो. मोठं गिऱ्हाईक घासाघीस करून भाव पाडतं. कंपनीला जास्त सुटतं ते गावाकडे स्वतःचं घर बांधणारा दुकानातून गोणी नेतो त्यावर. म्हणजे नफ्याचा अंदाज घ्यायचा तर पाऊसपाणी आणि शेतमालाचा भावही पाहायला हवा. त्यात सिमेंट वजनदार आणि स्वस्त, दूर न्यायचं तर भाडंच खातं. पेटकोक आणि कोळसा महागला की गोणीमागचा नफा आटतो, मग विक्री कितीही होवो.

तेजीत सगळेच कारखाने वाढवतात, हे जास्त घातक. २००८ च्या आधीच्या तेजीत ठरलेल्या भट्ट्या पुढच्या काही वर्षांत सुरू झाल्या आणि माल मागणीपुढे गेला. आजही देशातली क्षमता खपापेक्षा बरीच जास्त आहे. नवा भिडूही कुठून येईल सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिमेंटवाल्या अल्ट्राटेकने वायर-केबलच्या धंद्यात उतरायचं जाहीर केलं, आणि बाजार उघडताच पॉलिकॅब, केईआय या केबल कंपन्यांचे शेअर जोरात कोसळले. घरांची मागणी त्या दिवशी तसूभरही कमी झाली नव्हती.

पाइपचं गणित पीव्हीसी रेझिनच्या भावावर फिरतं. भाव उतरू लागला की डीलर माल भरायचं थांबवतात. टाइल्स आणि रंग तर बांधकामाच्या अगदी शेवटी लागतात. आज पाया खणला म्हणून यंदा खप वाढत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. अशा धंद्यात नफा शिखरावर असतो तेव्हाच पी/ई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट तो आकडा, कमी दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो. म्हणून एका चांगल्या वर्षावर जाऊ नकोस, दहा वर्षांचे आकडे काढ. प्रतिटन नफा, कर्ज, किती टक्के क्षमता वापरात आहे आणि येत्या दोन वर्षांत किती नवी येणार, एवढं एका कागदावर लिही. मंदीच्या वर्षांतही कर्ज फेडून तग धरलेली कंपनी मिळाली, तर बाजार तिच्यावर रुसलेला असताना थोडे थोडे शेअर घे.

घराच्या डाउनपेमेंटसाठी ठेवलेले पैसे मात्र यात घालू नकोस, आणि उसने तर मुळीच घेऊ नकोस. रविवारी तो कागद घेऊन ये, आपण दोघं बसून पाहू.

तुझा,
मामा