लंगोटाखाली पुरळ दिसले? आधी बाळाला अंगभर पाहा!



पावसाळा लागला, निंदणाची घाई सुरू झाली, की लेकरू धुऱ्यावरच्या झोळीत आणि ओला लंगोट तासन्‌तास अंगाला. मग बुडावर, जांघेत लाल पुरळ दिसते. आजी म्हणते, "लेकराले गरमी झाली." शेजारीण म्हणते, "गोवर निघाला." दुकानदार मलमाची नळी हातात देतो. सगळे मायेनेच बोलतात. पण बाळाला नीट पाहिले कोणी?

लंगोटाखालचे प्रत्येक पुरळ ओलाव्याचे नसते. काही पुरळ विषाणूंमुळे येते. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, एकाकडून दुसऱ्याला लागणारे रोगजंतू. यातले बहुतेक पुरळ आपोआप बरे होते. एखादे मात्र तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतते. म्हणून औषध लावण्याआधी पाहायला शिका.

कसे पाहावे?

बाळाला चांगल्या उजेडात पूर्ण उघडे करा. तोंडाच्या आत, कानामागे, तळहात, तळपाय, पोट, पाठ आणि शेवटी बूड व जांघा, असे क्रमाने पाहा. ताप आहे का, तेही बघा.

पुरळ फक्त लंगोटाच्या जागी, वरचा फुगीर भाग लाल आणि कातडीच्या घड्या मात्र बऱ्या, तर ते बहुधा ओलाव्याचे. घड्यांतच लालभडक आणि कडेला बारीक ठिपके, तर बहुधा बुरशीचे. त्याचे मलम दवाखान्यातून घ्यावे. पण पुरळ इतर अंगावरही आहे, सोबत ताप आहे, बाळ किरकिरते, दूध ओढत नाही, तर ते विषाणूचे असू शकते.

विषाणूचे पुरळ कोणते?

१. हात-पाय-तोंडाचा रोग. पाच वर्षांखालील मुलांत जास्त. आधी थोडा ताप, मग तोंडात फोड, तळहात-तळपायांवर लाल पुळ्या. पुष्कळदा बुडावरही येतात आणि आईला आधी तेथेच दिसतात. नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या रोगाची नोंद २००८ साली प्रसिद्ध केली होती. २०२२ मध्ये केरळात 'टोमॅटो ताप' म्हणून गाजलेली साथ याच रोगाची असल्याचे तपासणीत आढळले. साधारण ७ ते १० दिवसांत तो बरा होतो. काही आठवड्यांनी एखादे नख गळून पडते. घाबरू नका, नवे येते.

२. कांजण्या. पाण्याने भरलेले बारीक फोड पोटा-पाठीवर, डोक्यात आणि लंगोटाखालीही येतात. एकाच वेळी काही फोड नवे, काही सुकलेले दिसतात.

३. गोवर. ताप, खोकला, नाक वाहणे, डोळे लाल. तीन-चार दिवसांनी पुरळ कानामागे व चेहऱ्यावर सुरू होऊन खाली उतरते. नुसत्या बुडावर गोवर निघत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि लेकरे दगावली. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण होताच आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्या.

४. ओठावर ताप फुटतो त्या विषाणूचे फोड. मोठ्यांना हा साधा त्रास. पण महिन्याच्या आतील बाळाला तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. ज्याच्या ओठावर फोड आहे, त्याने तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये. आजोबा असोत की मामा, प्रेमाने सांगा, पण सांगा.

आणि ही 'देवी' नव्हे. देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, आणि १९८० मध्ये तो रोग जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला तर हरकत नाही, पण त्यावर थांबून दवाखाना टाळू नका.

घरी काय करावे?

• लंगोट ओला होताच बदला. शी-शू झाल्यावर कोमट साध्या पाण्याने धुवा. घासू नका, मऊ सुती फडक्याने टिपून घ्या.
• दिवसातून काही वेळा बूड उघडे ठेवा. हवा लागली की कातडी लवकर भरते.
• कोरडे झाल्यावर व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर द्या. त्यामुळे शी-शू कातडीला झोंबत नाही.
• आंघोळ बंद करू नका. रोज कोमट पाण्याने घाला.
• अंगावरचे दूध चालूच ठेवा. तोंडात फोड असतील तर थोडे-थोडे, वारंवार पाजा. सहा महिन्यांपुढील बाळाला दूध चालू ठेवूनच मऊ, गार, बिनतिखट भात किंवा दही द्या.
• तापाचे औषध बाळाच्या वजनावर ठरते. डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारूनच द्या.

काय करू नये?

फोड फोडू नका. हळद-चुना, राख, पावडर लावू नका. पावडर बाळाच्या श्वासात जाते. दुकानातले 'खाजेचे मलम' तर मुळीच नको. त्यांपैकी पुष्कळांत स्टेरॉइड असते. लाली दोन दिवस दबते, पण कातडी पातळ होते आणि विषाणू किंवा बुरशी आतल्या आत पसरते. ॲस्पिरिनची गोळी लहान मुलाला कधीही देऊ नये.

दुसऱ्या लेकराला लागू नये म्हणून

हात-पाय-तोंडाच्या रोगाचे विषाणू बाळ बरे झाल्यावरही काही आठवडे शीतून बाहेर पडतात. म्हणून लंगोट बदलल्यावर साबण-पाण्याने हात धुवाच. लंगोट वेगळे धुऊन कडक उन्हात वाळवा. दुकानातला डायपर वापरला तर तो नाल्यात टाकू नका. ताप उतरून फोड सुकेपर्यंत मोठ्या भावंडाला अंगणवाडीत पाठवू नका.

लगेच दवाखाना केव्हा?

– बाळ महिन्याच्या आतले आणि अंगावर एकही पाणीदार फोड
– दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप
– दूध ओढत नाही, किंवा सहा-आठ तासांत शू नाही
– बाळ सुस्त, झटके, वारंवार दचकणे, धाप
– पुरळ जांभळे, काचेचा पेला दाबूनही फिके न होणारे
– कातडी सोलून निघते, पू येतो

यातले एकही लक्षण दिसले तर बाजाराचा दिवस, कापणीचा दिवस पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मेहकरचे ग्रामीण रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि ने-आण मोफत आहे.

शेवटी एक गोष्ट बंधूंसाठी. लंगोट बदलणे हे एकट्या आईचे काम नाही. बाळाच्या अंगावरून रोज एकदा बापाचीही नजर फिरली, तर दुखणे एक दिवस आधी कळते. आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत एक दिवस फार मोठा असतो.

अंगभर पाहा, बूड कोरडे ठेवा, दूध चालू ठेवा, वेळेवर दवाखाना गाठा!