जुन्या बिल्ल्याचे वय कसे ओळखावे?

पूर्वी बँकेच्या खिडकीवर धनादेश दिला की ग्राहकाच्या हाती क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला पडत असे. त्यालाच आपण टोकन म्हणतो. रोखपालाने क्रमांक पुकारेपर्यंत तो बिल्ला हाच ग्राहकाच्या हक्काचा पुरावा असे. रेल्वे व ट्राम यांसारख्या वाहतूक संस्थांमध्येही असे बिल्ले वापरात होते. अनेक घरांतील जुन्या पेटीत असा एखादा बिल्ला आजही सापडतो. त्याचा काळ कसा ठरवावा, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

निमित्त घडले ते लखनऊच्या अलीगंज भागातील शाखेत. एक वयोवृद्ध मराठी ग्राहक पाच हजार रुपये एका अनोळखी खात्यावर पाठविण्याचा अर्ज घेऊन आले. “काका, ही रक्कम कोणासाठी?” असे विचारताच त्यांनी खिशातून पितळी बिल्ला काढला. त्यावर ‘ओ. टी. आर.’ ही इंग्रजी आद्याक्षरे, खाली ४१७ हा क्रमांक आणि वर एक छिद्र होते. वडील रेल्वेत नोकरीस होते, एवढेच त्यांना ठाऊक होते. बिल्ला १८५७ च्या काळातील असून त्याचे दीड लाख रुपये देऊ, मात्र आधी ‘नोंदणी शुल्क’ भरा, असे त्यांना दूरध्वनीवरून सांगण्यात आले होते.

अशा वेळी पुढील क्रमाने विचार करावा.

१. उपयोग : बिल्ल्यावर रक्कम असेल तर तो भाड्याचा किंवा उपाहारगृहाचा असण्याचा संभव असतो. केवळ क्रमांक व अडकविण्यासाठी छिद्र असेल तर तो बहुधा कामगाराच्या हजेरीचा असतो. एकेरी रेल्वेमार्गावर चालकाला देण्यात येणाऱ्या धातूच्या गोळ्यालाही टोकनच म्हणतात. पण त्याचा भाड्याशी संबंध नाही.

२. संस्थेचे नाव : कालनिर्णयाचे हे सर्वांत भरवशाचे साधन होय. ‘ओ. टी. आर.’ म्हणजे अवध-तिरहुत रेल्वे. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न व रोहिलखंड अँड कुमाऊँ या रेल्वे शासनाने ताब्यात घेतल्यावर १९४३ मध्ये हे नाव आले आणि १४ एप्रिल १९५२ रोजी पूर्वोत्तर रेल्वे स्थापन झाल्यावर ते मावळले. म्हणजे बिल्ला घडविला गेला तो या नऊ वर्षांतच. १८५७ मध्ये तर लखनऊला रेल्वेच नव्हती. लखनऊ-कानपूर मार्ग सुरू झाला तो १८६७ मध्ये.

मात्र केवळ आद्याक्षरांवर विसंबणे धोक्याचे असते. मुंबईचेच उदाहरण घ्या. तेथे घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ कंपनी आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती महापालिकेकडे गेली आणि नावातील ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आले. पुढे १९९५ मध्ये ‘बॉम्बे’चे ‘बृहन्मुंबई’ झाले. तरीही ‘बेस्ट’ ही अक्षरे तीच राहिली! म्हणून शक्य असेल तेथे पूर्ण नाव वाचावे.

३. मूल्य : दर्शनी मूल्य आण्यांत असेल तर बिल्ला बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी चलनात आली. ‘नये पैसे’ असा उल्लेख असेल तर तो १९५७ ते १९६४ या काळाकडे निर्देश करतो. त्यानंतर ‘नये’ हा शब्द वगळण्यात आला.

४. धातू व झीज : हा पुरावा सर्वांत दुबळा. पितळ कोणत्याही काळात वापरता येते आणि नव्या बिल्ल्यावर काळपटपणा कृत्रिमरीत्याही आणता येतो. छिद्राची एकच कड झिजली असेल तर तो बिल्ला खिळ्याला अडकविला जात असे, एवढे कळते. म्हणून बिल्ला चिंच लावून घासू नये. झिजेच्या खुणा व पुसट अक्षरे त्यात नष्ट होतात.

येथे आणखी एक सावधगिरीची सूचना. अलीगंजचे जुने हनुमान मंदिर प्रसिद्ध आहे. हनुमान किंवा रामपंचायतनाचे चित्र, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हे नाव आणि १८१८ हे साल असलेले ‘अर्ध्या आण्याचे’ तुकडे ठिकठिकाणी विकले जातात. कंपनीने असे नाणे पाडलेले नाही. भक्तिभावाने ते जरूर बाळगावे. ऐतिहासिक ठेवा म्हणून त्यासाठी किंमत मोजू नये.

जुनी नाणी व नोटा यांच्या खरेदी-विक्रीत आपला कोणताही सहभाग नसून त्यासाठी आपण शुल्क वा दलाली मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. खरा खरेदीदार पैसे देतो, आधी मागत नाही, हे सूत्र आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे. आपल्या काउंटरवरील सहकाऱ्यांनीही अशा अर्जामागचे कारण आपुलकीने विचारावे.

काकांनी अर्ज परत घेतला. दीड लाखाची आशा संपल्याचे वाईट त्यांना वाटलेच. पण वडील नेमके कोणत्या वर्षांत रेल्वेत होते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचा पहिला धागा या तीन अक्षरांनी दिला होता. बिल्ला रुमालात गुंडाळताना ते म्हणाले, “म्हणजे माझ्या जन्माच्या सुमारास बाबा कामावर होते तर!”