दहा श्वास

मागच्या वर्षी एन.सी.सी.च्या फायरिंगमध्ये मी पहिल्यांदा .२२ रायफल हातात घेतली. २५ मीटरवरून ५ राउंड मारायचे होते. टार्गेट पाहिले तर पाचही छिद्रे खालीवर विखुरलेली. मला वाटले, रायफलच बरोबर नाही. उस्ताद हसून म्हणाले, "रायफल ठीक है बेटा, तेरी साँस हिल रही है."

झोपून नेम धरला की छाती जमिनीला टेकलेली असते. श्वास घेतला की छाती वर उचलली जाते आणि नळीचे तोंड खाली जाते. श्वास सोडला की उलट होते. म्हणून श्वास सोडल्यानंतर, पुढचा घेण्याआधी जो छोटा थांबा येतो, त्यातच ट्रिगर दाबायचा. तसे केल्यावर माझे ग्रुपिंग जवळ आले. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून असा तीन प्रकारे नेम धरावा लागतो. तिन्ही वेळा श्वास सांभाळावाच लागतो.

ही गोष्ट मी फायरिंगपुरतीच ठेवली होती. मग यंदा दहावीच्या सहामाहीत गणिताचा पेपर आला. घड्याळ पाहिले आणि हाताला घाम सुटला. त्रिकोणमितीचे दोन प्रश्न येत असूनही कोरे राहिले. रविवारी फोनवर बाबा रागावले नाहीत. "अभ्यास झाला नव्हता का?" एवढेच त्यांनी विचारले. अभ्यास झाला होता, हे सांगणेच जास्त कठीण गेले.

त्यानंतर मी रोज वीस मिनिटे ध्यान करायचे ठरवले. दुपारच्या विश्रांतीत बसलो तर झोप लागली. पहाटे बसलो तर पी.टी.ला उशीर झाला आणि मैदानाच्या दोन फेऱ्या जादा मिळाल्या! तेव्हा लक्षात आले, आपल्या दिवसात मोकळा वेळ नाही, पण वाट पाहणे भरपूर आहे. मी त्यातल्या तीन जागा निवडल्या : सकाळच्या फॉल-इनमध्ये हजेरी होईपर्यंत, संध्याकाळी प्रेपला पुस्तक उघडण्याआधी आणि लाइट्स आउटनंतर अंथरुणात.

पद्धत सोपी आहे. पाठ सरळ आणि खांदे सैल ठेवा. नाकाने श्वास घ्या, पोट किंचित फुगू द्या. घेण्यापेक्षा सोडताना थोडा जास्त वेळ लावा. सोडलेला प्रत्येक श्वास मनात मोजा, एक ते दहा. मध्येच मन मेसमधल्या नाश्त्याकडे गेले तर स्वतःवर न चिडता पुन्हा एकपासून सुरू करा. डोळे मिटायची गरज नाही. एक-दीड मिनिट पुरते.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. मनगटाची नाडी धरून पाहा. हृदयाला आपण थेट हुकूम देऊ शकत नाही, पण श्वास आपल्या हातात असतो.

धावून आल्यावर आधी दम जाऊ द्या. चक्कर आल्यासारखे वाटले तर मोजणे थांबवून नेहमीसारखा श्वास घ्या. दमा असलेल्यांनी एम.आय. रूममध्ये विचारूनच सुरुवात करावी.

प्री-बोर्डच्या पेपरलाही पोटात गोळा आलाच. मी पेन खाली ठेवले, दहा श्वास मोजले आणि पुन्हा लिहायला घेतले. काही उत्तरे चुकली, कारण तिथे अभ्यासच कमी होता. पण जे येत होते ते कोरे राहिले नाही.

आमच्या हाऊसमध्ये सहावीतला एक मराठी मुलगा नवीन आला आहे. घरच्या फोननंतर तो रात्री रडायचा. एका रात्री मी त्याच्या पलंगाशी बसून त्याच्याबरोबर हळूहळू आकडे मोजले. त्याला घरची आठवण येणे थांबलेले नाही. माझेही थांबलेले नाही. पण आता रविवारी रात्री तो स्वतःच विचारतो, "दादा, आज मोजायचे का?"

मित्रांनो, उद्याच्या फॉल-इनमध्ये तुम्हीही मोजून पाहा.