राग येणे आणि राग धरणे

प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपल्यापैकी अनेकांच्या यादीतले पहिले पाप ठरलेले असते: ‘फादर, मला राग आला.’ त्यापुढे सहसा काही नसते. त्या रागात आपण काय केले, भावाशी बोलणे टाकले का, मुलावर हात उचलला का, हे राहूनच जाते. म्हणजे जे आपल्या हातात नव्हते ते आपण सांगतो आणि जे हातात होते ते विसरतो.

वास्तविक मराठी भाषेनेच हा भेद करून ठेवला आहे. राग ‘येतो’, ताप येतो, झोप येते, तसाच. पण राग धरणे, एकावरचा राग दुसऱ्यावर काढणे, मनात डूख ठेवणे ही आपली करणी. ख्रिस्तसभाही असेच शिकवते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथानुसार (परिच्छेद १७६७) भावना मुळात चांगल्या नसतात वा वाईटही नसतात. आपली बुद्धी आणि इच्छा त्यांत उतरली की त्यांना नैतिक मोल येते.

ही शिकवण बरीचशी संत थॉमस अक्वायनस ह्यांच्याकडून आलेली आहे. प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ म्हणत, की शहाण्या माणसाने असे विकार मनातून काढूनच टाकावेत. थॉमस ह्यांना ते मान्य नव्हते. तेराव्या शतकातल्या आपल्या महाग्रंथात त्यांनी अकरा मूळ भावना मोजल्या: प्रेम, द्वेष, इच्छा, तिटकारा, आनंद, दुःख, आशा, निराशा, भीती, धैर्य आणि राग. बुद्धीने त्यांच्यावर राज्य करावे, पण कसे? येथे ते अ‍ॅरिस्टॉटलचा दाखला घेतात. हातपाय गुलामासारखे असतात. उठ म्हटले की उठतात. भावना मात्र स्वतंत्र नागरिकांसारख्या असतात. त्यांना समजवावे लागते, आणि त्या उलट उत्तरही देतात. (ज्यांच्या घरात मुले मोठी झाली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.)

मग भावना नसत्याच तर बरे झाले असते का? अंतोनिओ दमासिओ ह्या मेंदूतज्ज्ञांनी १९९४ सालच्या आपल्या पुस्तकात एका रुग्णाची हकीकत दिली आहे. गाठीच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. बुद्धीच्या चाचण्यांत तो उत्तम ठरे, पण भावना जवळजवळ विझल्या होत्या. साध्यासाध्या गोष्टींतही त्याला निर्णय घेता येईना. नोकरी गेली, संसार मोडला.

मार्कच्या शुभवर्तमानातला तिसरा अध्याय ह्या दृष्टीने पुन्हा वाचावा. सभास्थानात वाळलेल्या हाताचा माणूस उभा आहे. शब्बाथ मोडतो की काय, हे पाहायला टपलेले लोक गप्प आहेत. येशू त्यांच्याकडे रागाने पाहतो आणि त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे खिन्नही होतो. राग आणि खेद एकाच ओळीत आहेत, आणि त्यानंतर घडते ते त्या माणसाचे बरे होणे. थॉमस तर म्हणतात, की योग्य कारण असून राग न येणे हाही दोष असू शकतो. शेजारच्या घरात सुनेला मारहाण होत असताना आपण शांतपणे रोझरी चालू ठेवली, तर त्या शांतीला सद्गुण म्हणणे आम्हांला जड जाते.

दुःखाचेही तसेच. मयताच्या घरी विधवेला आपण लगेच बजावतो, ‘रडू नकोस, तो देवाकडे गेला.’ लाजरसला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या थडग्याकडे जाताना रडला. दुःख हलके करण्याचे उपाय सांगताना थॉमस सुखद गोष्टी, अश्रू, मित्रांची सोबत आणि सत्याचे चिंतन ह्यांच्याबरोबर झोप आणि आंघोळही सांगतात! एवढ्या मोठ्या धर्मपंडिताला शरीराचा विसर पडला नव्हता. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तो विश्वासातला उणेपणा समजू नये. तो आजार असू शकतो. अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जावे. नोव्हेना चालू असेल तर तीही चालू ठेवावी.