पूरसंरक्षक कामे आणि यात्रेकरूंची पायवाट

संत गजानन महाराजांची पालखी दरवर्षी शेगावहून आषाढी वारीसाठी पंढरपूरकडे प्रस्थान करते. तिचा मार्ग वाशीम जिल्ह्यातील मेडशी, मालेगाव, शिरपूर व रिसोड या गावांवरून जातो. अनेक दिवस पायी चालून पंढरीस पोहोचलेल्या वारकऱ्याची वाट मंदिराच्या महाद्वारापाशी संपत नाही. चंद्रभागेचे स्नान आणि भक्त पुंडलिकाचे दर्शन झाल्यावाचून वारी पूर्ण झाली, असे तो मानीत नाही. वारीची ही अखेरची पावले घाटाच्या पायऱ्यांवरून नदीच्या वाळवंटात उतरतात. पुराच्या वेळी आणि पुरापासून रक्षण करणाऱ्या भिंती व घाट यांचे बांधकाम चालू असताना नेमकी हीच वाट धोक्याची ठरते.

पूर आणि कामाचा हंगाम

भीमा नदी पंढरपुरी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. या नदीवर वरच्या अंगास उजनी धरण आहे. वीर धरण असलेली नीरा नदीही नीरा नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. दोन्ही धरणांतून सोडलेले पाणी पंढरपुरी एकत्र येते. त्यामुळे पंढरपुरात पाऊस नसतानाही पात्र भरते आणि वाळवंटातील पुंडलिक मंदिरास पाण्याचा वेढा पडतो.

बांधकाम पावसाळ्यात करता येत नाही. ते कोरड्या महिन्यांतच उरकावे लागते. परंतु कार्तिकी, माघी आणि चैत्री या तीन यात्रा त्याच महिन्यांत भरतात. कामासाठी घाट बंद ठेवावा तर भाविकांची वाट अडते आणि वाट मोकळी ठेवावी तर जीवितास धोका संभवतो.

हा धोका काल्पनिक नाही. दिनांक १४ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टीत पंढरपूरच्या कुंभार घाटाजवळ बांधकामाची भिंत कोसळून ६ जणांचा मृत्यू झाला. नदीकाठच्या भिंतीमागे मातीचा भराव असतो. पावसाचे पाणी भरावात मुरले की माती जड होते, भिंतीवरील दाब वाढतो आणि पाण्याचा निचरा न झाल्यास भिंत पुढे ढकलली जाते. बाहेरून पाहणाऱ्यास ती भक्कम भासते. म्हणूनच कामाजवळची मनाई पाळणे अगत्याचे ठरते.

बंदीसोबत दुसरी वाट

तथापि केवळ दोर बांधून व फलक लावून वाट बंद होत नाही. शेकडो कोस चालून आलेला भाविक फट शोधून पुढे जातोच. यास्तव एक वाट बंद करताना दुसरी सुरक्षित वाट त्याच वेळी दाखविली पाहिजे. इंग्लंडमध्ये कामासाठी सार्वजनिक पायवाट तात्पुरती बंद करण्याचा आदेश सामान्यतः सहा महिन्यांपुरताच असतो आणि पर्यायी मार्ग सूचनेद्वारे कळविला जातो. मुंबईत २०१८ साली काम सुरू झालेल्या सागरी किनारा मार्गालगत समुद्रभिंत बांधण्यात आली. त्या काळात किनाऱ्याचा बराच भाग नागरिकांस बंद होता. ऑगस्ट २०२५ मध्ये समुद्रालगतचा विहारपथ नागरिकांसाठी खुला झाला आणि तेथे जाण्यासाठी रस्त्याखालून पादचारी मार्ग ठेवण्यात आले. रक्षणाच्या कामानंतर वाट लोकांना परत मिळणे, हाही त्या कामाचाच भाग होय.

यात्रेकरूंनी ध्यानात ठेवावे

१. नव्या वा अर्धवट भिंतीच्या आडोशाला पावसात उभे राहू नये.
२. धरणातून पाणी सोडल्याची सूचना झाल्यास स्थानिक पाऊस नसला तरी पात्रातून तत्काळ बाहेर यावे.
३. दिंडीप्रमुखांनी कोणता घाट खुला आहे याची चौकशी मुक्कामावरच करावी व वृद्ध, अपंग आणि लहान मुलांना त्याच वाटेने न्यावे.
४. घाट बंद असल्यास काठावरूनच चंद्रभागेस नमस्कार करावा. त्याने वारीस उणेपणा येत नाही.

दानशूर भाविकांस एक विचार सुचवावासा वाटतो. घाटाच्या पायरीवर दात्याचे नाव कोरता येते; तात्पुरत्या वाटेवर ते कोरता येत नाही. काम संपताच तेथील कठडा, दिवे, दिशाफलक, उतरण्याचा लाकडी जिना हे सारे काढून नेले जाते. मात्र तेवढ्या काळात त्याच वाटेने हजारो पावले सुखरूप नदीवर पोहोचतात आणि सुखरूप घरी परततात. कोणत्याही तीर्थक्षेत्री घाटासाठी दान देताना बांधकामाच्या काळातील वाटेची तरतूद झाली आहे का, एवढे दात्याने अवश्य विचारावे. नाव न उरणारे हे दानही तितकेच पुण्यप्रद आहे.