विचारणे हेही औषधच

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात माननीय जाबिर (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. काही सहाबी प्रवासात असताना त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला स्नान करणे अनिवार्य झाले, तेव्हा त्याने सोबत्यांना विचारले, की अशा स्थितीत मला तयम्मुमची सवलत आहे काय? पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगून टाकले. त्याने स्नान केले आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. ही वार्ता कळल्यावर आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) अत्यंत व्यथित झाले. ठाऊक नव्हते तर या लोकांनी विचारून का घेतले नाही, असा त्यांचा सवाल होता. न जाणण्याच्या रोगावर विचारणे हाच इलाज आहे, ही शिकवण त्यांनी त्या वेळी दिली.

सल्ला देणारे ते लोक दुष्ट नव्हते, धर्मनिष्ठ होते. त्यांचा हेतूही शुद्ध होता. तरीही एक जीव गेला. चांगला हेतू ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही, हा या प्रसंगाचा धडा आहे. आज आपल्या घराघरांत शिरलेल्या मधुमेहाच्या बाबतीत हा धडा विशेष लागू पडतो.

गोड मुलखातील गोड गैरसमज

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. बारामती व इंदापूर हे तालुके तर उसाचे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी ही गावे साखर कारखान्यांमुळेच सर्वदूर परिचित झाली. अशा मुलखात पाहुण्याचे स्वागत गोड चहाने व्हावे, उन्हात रसाचा पेला पुढे यावा, यात नवल नाही. पण येथेच एक गैरसमज घट्ट रुजला आहे. साखर वाईट, गूळ मात्र नैसर्गिक, म्हणून तो चालतो! वस्तुतः दोन्ही एकाच उसाच्या रसातून येतात आणि दोन्ही रक्तातील साखर वाढवितात.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन तयार करते, परंतु ते नीट कामी येत नाही. कालांतराने ते अपुरेही पडू लागते. हा आजार अनेक वर्षे गप्प राहतो. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस निश्चिंत असतो. आणि तेवढ्या काळात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, हृदय व पायांच्या नसा झिजत राहतात. साखर आटोक्यात आली की ‘आजार बरा झाला’ असे समजून गोळ्या सोडणे, शेजारणीला लागू पडलेली गोळी स्वतः घेणे, नाव-गाव नसलेल्या चूर्णावर विसंबणे, हे सारे त्या सहाबींच्या सोबत्यांनी दिलेल्या सल्ल्यासारखेच आहे. हेतू चांगला, परिणाम घातक.

कागदावरील आकडे

तपासणीचा कागद बहुधा इंग्रजीत असतो. घरातील वडीलधारी मंडळी तो घडी घालून पिशवीत ठेवतात आणि ‘डॉक्टरांनी पाहिला आहे’ एवढ्यावर समाधान मानतात. मात्र काही आकडे प्रत्येक घराला पाठ असावेत. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० च्या आत असणे सर्वसाधारण होय; १२६ किंवा त्याहून अधिक साखर पुन्हा तपासूनही आढळली तर तो मधुमेह. ‘एचबीए१सी’ ही चाचणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिचा आकडा ६.५ टक्के वा अधिक असेल तर मधुमेह समजला जातो. बहुतेक रुग्णांनी तो ७ च्या आत ठेवावा, असे सांगितले जाते. वृद्धांसाठी डॉक्टर वेगळी मर्यादा ठरवितात. आदल्या दिवशी पथ्य पाळून सकाळचा आकडा सुधारता येतो, तीन महिन्यांचा हिशेब मात्र लपविता येत नाही.

साखर ७० च्या खाली उतरणे हा तर तातडीचा धोका. दरदरून घाम, हातांचा थरकाप, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

वुजू आणि पावले

मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. खडा टोचला, चप्पल लागली, तरी कळत नाही; छोटी जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. इस्लामने नमाजसाठी दिवसातून पाच वेळा पाय धुण्याचा मार्ग दाखविला आहे. यापैकी निदान एका वुजूनंतर तळपाय नीट पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर मुलासुनेने पाहावेत. बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवावे, तसेच त्या बेचक्या कोरड्याही कराव्यात, कारण ओलाव्यात बुरशी वाढते. हिवाळ्यात गरम पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घ्यावा. भर उन्हाळ्यात मशिदीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये आणि शेतात पादत्राणांवाचून उतरू नये.

रोजा आणि सवलत

रमजानमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक होतो. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजाच्या आदेशासोबतच आजारी व प्रवासी यांच्यासाठी सवलत आलेली आहे आणि अल्लाहला आपल्या दासांसाठी अडचण नव्हे, सुलभता हवी आहे, हेही तेथेच स्पष्ट केले आहे. ही सवलत स्वीकारणे म्हणजे ईमानचा दुबळेपणा नव्हे. काही मधुमेही सुरक्षितपणे रोजे ठेवू शकतात; इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा विकार असलेले किंवा ज्यांची साखर वारंवार खाली येते ते अधिक धोक्यात असतात. म्हणून रमजानच्या एक-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही, असे विद्वानांचे मत आहे. तेव्हा रोजात तपासणी टाळू नये. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. सुटलेल्या रोजांची कजा करावी की फिदिया द्यावा, हे आलिमांना विचारावे. इफ्तार खजुराने करण्याची सुन्नत एका खजुरानेही पार पडते. त्यानंतर सरबत, तळण व शीरखुर्म्याची रास मांडणे ही सुन्नत नव्हे.

तवक्कुलचा खरा अर्थ

‘अल्लाहने लिहिले आहे तेच होईल’, असे म्हणून औषध टाळणारे आपल्यात आहेत. उंट बांधावा की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा, असे विचारणाऱ्या माणसाला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले होते. गोळी, पथ्य आणि रोजचे अर्धा तास चालणे ही आपल्या उंटाची दोरी आहे. शरीर ही आपली मालमत्ता नव्हे. ती अमानत आहे.

डॉक्टरांसमोर बसल्यावर चार गोष्टी विचाराव्यात: माझा आकडा किती? ही गोळी कशासाठी व केव्हा घ्यायची? एखादी मात्रा चुकली तर काय करायचे? पुढची तपासणी केव्हा? मग समजले ते आपल्या शब्दांत त्यांना परत सांगावे. चूक असेल तर तेथेच सुधारली जाईल. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पाय यांची तपासणी करून घ्यावी. गावातील आशाताईंकडे व आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीची सोय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत.

शाळेत शिकणारी नात आजीच्या कागदावरील आकडे मोठ्याने वाचून दाखवीत असेल आणि आजी ‘याचा अर्थ काय गं?’ असे न संकोचता विचारीत असेल, तर त्या घरात उपचाराची सुरुवात झाली, असे समजावे.

अल्लाह आपणास या अमानतीचे रक्षण करण्याची सद्बुद्धी देवो आणि सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन.