मॅग्नेशियम आणि वृद्धांची झोप

रसायनशाळेत मॅग्नेशियमची फीत जळताना पडणारा डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश विद्यार्थ्यांनी पाहिलाच असेल. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ साली प्रथम वेगळा केलेला हा धातू प्रौढ मनुष्याच्या देहात क्षाररूपाने सुमारे २५ ग्रॅम असतो. मज्जातंतूंची उत्तेजना आवरणे व आकुंचित स्नायू सैल करणे या कामी देहास त्याची गरज लागते. उतारवयात आहार घटतो, आतडी तो क्षार कमी शोषतात, आणि झोपही हलकी होते. या गोष्टींचा परस्पर संबंध असावा काय?

इराणात ४६ वृद्धांवर केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांस आठ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिले, बाकीच्यांस गुणहीन गोळी. पहिल्यांची झोप सुधारली. पुढे २०२१ साली अशा तीन प्रयोगांतील १५१ वृद्धांचा एकत्र विचार झाला, तेव्हा झोप लागण्यास सरासरी सुमारे १७ मिनिटे कमी लागल्याचे आढळले. रात्रभर कूस बदलणाऱ्यास ही मिनिटे थोडकी नव्हेत. तथापि हा पुरावा दुबळा आहे, असे त्या परीक्षकांनीच नमूद केले. तेव्हा गोळीस रामबाण म्हणणे धाडसाचे होय.

आपल्या म्हसवडास, माणगंगेच्या काठी, पाऊस थोडा. पण त्या थोड्या पावसावर येणारी बाजरी या बाबतीत श्रीमंत आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे १२५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, ज्वारीत किंचित अधिक, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात अवघे २० च्या आसपास! दात पडले की आजोबांची भाकरी सुटते व चहाबिस्किटे आणि मऊ भात सुरू होतो. खरी हानी येथेच होते, असे आम्हांस वाटते. भाकरी दुधात वा आमटीत कुस्करून द्यावी, ज्वारीची आंबील करावी. पीठ आंबविल्याने त्यातील क्षार अंगी अधिक लागतात. जोडीस शेंगदाण्याचे कूट, तीळ व पालेभाजी असावी. पानांच्या हिरव्या रंगद्रव्याच्या गाभ्यात मॅग्नेशियमच असते.

दिवसाची दीर्घ डुलकी, तिन्हीसांजेचा चहा, सांधेदुखी, रात्री लघवीस उठणे, ही झोपमोडीची कारणे मात्र बाजरीने जाणार नाहीत. मूत्रपिंडे दुबळी झालेल्या वृद्धांस तर वैद्यकीय सल्ल्यावाचून गोळ्या कदापि देऊ नयेत. त्यांच्या रक्तात मॅग्नेशियम साचून हृदयाची गती मंदावू शकते.